शंट असलेल्या मुलाचं पोट फुगतं तेव्हा

डोंबिवलीच्या एका आईने लिहिलं आहे. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. चार महिन्यांचा असताना डोक्यात पाणी झालं म्हणून शंट, म्हणजे ते जास्तीचं पाणी पोटात नेणारी नळी, बसवला. त्यानंतर इतकी वर्षं काही त्रास नाही. गेले पंधरा दिवस मात्र पोट फुगल्यासारखं दिसतं, दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणतो, मधूनच दुखतं. जवळच्या डॉक्टरांनी आधी गॅसचं औषध दिलं, मग जंताचं. फरक पडला नाही. परवा संध्याकाळी डोकं दुखतं म्हणाला आणि काल सकाळी उठल्या उठल्या उलटी झाली. सासूबाईंना वाटतं दृष्ट लागली. त्यांचे प्रश्न तीन आहेत. पोटाचा आणि शंटचा संबंध असू शकतो का? तेव्हा पैशांची ओढाताण होती म्हणून भारतीय बनावटीचा स्वस्त शंट बसवला, त्यामुळे हे झालं का? आणि नळी काढावी लागली तर पुढे काय?

ताई, हे उत्तर संपेपर्यंत थांबू नका. मुलाला आजच अशा रुग्णालयात न्या जिथे न्यूरोसर्जन आहे. शंट जिथे बसवला ते ठिकाण तासा-दीड तासावर असेल तर तिथेच न्या, कारण जुने कागद तिथे आहेत. उद्याची ओपीडी धरायची नाही, थेट कॅज्युअल्टीत जायचं. तिथे पहिलं वाक्य "पोट दुखतंय" हे नको. "याला व्हीपी शंट आहे, पंधरा दिवस पोट फुगलंय आणि आता डोकं दुखून उलटी झाली" असं सांगा. "पोट दुखतंय" म्हणालात तर केसपेपर मेडिसिनकडे किंवा सर्जरीकडे जातो आणि दोन-चार तास तिथेच मोडतात. निघताना जेवण देऊ नका, शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं ते लिहून घ्या. भूल द्यायची वेळ आली तर पहिली चौकशी त्याचीच होते. मूल झोपाळू झालं, हाक मारल्यावर नीट जागं होत नाही, फिट आली किंवा डोळे वर वळवता येत नाहीत असं दिसलं, तर लांबचं जुनं रुग्णालय सोडा आणि सर्वांत जवळचं गाठा. दृष्ट काढायला माझी काहीच हरकत नाही. काढा आणि लगेच निघा.

आता बाकीचं सविस्तर सांगते. हे सगळ्याच शंटवाल्या मुलांच्या घरच्यांसाठी आहे.

शंट म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर डोकं येतं. टाके तिथे दिसतात, कानामागे हाताला व्हॉल्व्ह, म्हणजे पाण्याची धार आवरणारी झडप, लागतो, स्कॅनही डोक्याचाच होतो. पण लांबीच्या हिशेबाने पाहिलं तर त्या नळीचा अगदी थोडा भाग डोक्यात असतो. बाकीची कातडीखालून मानेवरून, छातीवरून उतरते आणि पोटात जाते. तिचं खालचं टोक आतड्याला शिवलेलं नसतं, मूत्राशयालाही जोडलेलं नसतं. ते पोटाच्या पोकळीत मोकळं सोडलेलं असतं. पोटाला आतून एक पातळ, ओलसर अस्तर असतं, त्याला पेरिटोनियम म्हणतात; व्हीपी शंटमधला "पी" तो हाच. डोक्यातून आलेलं पाणी हे अस्तर शोषून घेतं आणि ते रक्तात मिसळतं. ओपीडीत अर्ध्याहून जास्त पालक मला सांगतात की पाणी लघवीतून बाहेर पडतं. तसं थेट काही होत नाही. हे सांगण्याचं कारण एवढंच की त्या अस्तराची तब्येत बिघडली की शंटचीही बिघडते, मग वरचा व्हॉल्व्ह कितीही चांगला असो.

पाणी तरी किती? मोठ्या माणसाच्या मेंदूत दिवसाला साधारण 500 मिली सीएसएफ, म्हणजे हेच पाणी, तयार होतं, आणि एका वेळी मेंदू व मणक्यात मिळून असतं फक्त 150 मिलीच्या आसपास. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा सगळं पाणी बदलतं. मुलांमध्ये प्रमाण कमी, पण हिशेब तोच. ही धार थांबत नाही. खालचं दार बंद झालं की पाणी पोटात साचतं, आणि पोटात जागा उरली नाही की डोक्यात. तुमच्या मुलाच्या तक्रारी ज्या क्रमाने आल्या, आधी पोट आणि मग डोकं, त्या क्रमामुळेच मी तुम्हाला आज जा म्हणते आहे.

माझा पहिला संशय स्यूडोसिस्टवर आहे. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. नळीच्या टोकाभोवती अस्तर चिडतं, आतड्याचे वेढे आणि चरबीचा पडदा एकमेकांना चिकटतात आणि त्या जागेत एक पिशवी तयार होते. पाणी त्या पिशवीत पडत राहतं, पण शोषलं जात नाही. पिशवी फुगत जाते, कधी लहान मोसंब्याएवढी तर कधी अर्धं पोट व्यापेल एवढी. जठरावर दाब आला की मूल दोन घासांत पोट भरलं म्हणतं. आतड्यावर दाब आला की दुखतं, कधी संडास तटते. शंट असलेल्या शंभर जणांत एखाद-दुसऱ्यापासून चार-पाच जणांपर्यंत हे होतं, असे आकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून आले आहेत. ज्यांचा शंट वारंवार बदलावा लागला, ज्यांच्या पोटाची दुसरी काही शस्त्रक्रिया झाली किंवा ज्यांना आधी शंटचा संसर्ग होऊन गेला, त्यांच्यात जास्त. पण काहीच इतिहास नसताना, शंट बसवून कित्येक वर्षं झाल्यावरही होऊ शकतं. "सात वर्षं चांगला चालला, आता कसा बिघडेल?" हा विचार मनातून काढून टाका.

अस्तर चिडतं कशाने? पुष्कळदा मंद संसर्गाने. मंद हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. शंटला लागणारे नेहमीचे जंतू आपल्याच त्वचेवरचे असतात, स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस आणि त्याचे भाईबंद. ते सिलिकॉनवर चिकट थर करून बसतात. ताप येईलच असं नाही, रक्ताचा रिपोर्ट जवळपास सरळ असू शकतो. एक जंतू तर इतका सावकाश वाढतो की कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, दहा ते चौदा दिवस ठेवल्याशिवाय दिसत नाही. म्हणून दोन दिवसांत "नो ग्रोथ" असा कागद आला तर तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. कल्चर पुढे ठेवलं आहे ना, एवढं निवासी डॉक्टरांना विचारा. विचारलेलं कोणाला आवडणार नाही असं वाटून गप्प बसू नका.

मुंबईत या पिशवीच्या बाबतीत एक मोठा चकवा आहे, आणि त्यात मी स्वतः सापडले आहे. आपल्याकडे मुलांच्या डोक्यात पाणी होण्याचं एक मोठं कारण म्हणजे मेंदूच्या आवरणाचा टीबी. त्यातल्या अनेकांना शंट लागतो. अशाच एका नऊ वर्षांच्या मुलीचं पोट फुगलं. ती आधीच एकेटीवर होती, म्हणजे टीबीच्या गोळ्या चालू होत्या. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये आलं की पोटात कप्पे पडलेलं पाणी आहे, पोटाचा कॉक्स, म्हणजे टीबी, असावा. मुंबईतल्या कुठल्याही डॉक्टरच्या डोक्यात या वर्णनाला पहिला टीबीच येतो. मी रिपोर्ट वाचला आणि मान डोलावली. गोळ्या पुढे चालू ठेवल्या. तीन आठवड्यांनी मुलगी अर्धवट शुद्धीत आली. पुन्हा सोनोग्राफी केली, या वेळी मी शेजारी उभी होते. पाण्याच्या त्या कप्प्याच्या मधोमध दोन समांतर चकचकीत रेषा दिसत होत्या. ती शंटची नळी होती. पहिल्या वेळी सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना शंट आहे हेच कोणी सांगितलं नव्हतं, कारण फॉर्मवर मी ते लिहिलंच नव्हतं. मुलगी वाचली, पण ते तीन आठवडे तिच्या वाट्याला यायला नको होते. तेव्हापासून माझ्या युनिटमधल्या प्रत्येक फॉर्मवर पहिली ओळ शंटची असते. तुम्हीही सोनोग्राफीच्या टेबलाशी तोंडाने सांगा: "पोटात शंटची नळी आहे, तिचं टोक बघा."

सोनोग्राफी हीच इथे सर्वांत कामाची तपासणी. स्वस्त आहे, किरण नाहीत, मुलाला भूल लागत नाही. तिच्या जोडीला डोक्यापासून ओटीपोटापर्यंत नळीच्या पूर्ण वाटेचे एक्स-रे काढतात. त्यात नळी कुठे तुटली, सुटली की वर ओढली गेली ते कळतं. पोटात जागेवरच गुंडाळून बसलेली नळी आणि तिच्यापासून दूर सरकलेली आतडी एक्स-रेत दिसली तरी अनुभवी डोळ्याला पिशवीची शंका येते. डोक्याचा सीटी जुन्या सीटीशेजारी ठेवूनच बघायचा असतो. शंटवाल्या काही मुलांच्या मेंदूतल्या पोकळ्या एरवीही मोठ्याच असतात, तर काहींच्या बिघाड होऊनही फुगत नाहीत. म्हणून जुन्या फिल्म सोबत न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको.

पिशवी निघाली तर उपचार बहुतेक वेळा ऐकणाऱ्याला वाटतो तेवढा भयंकर नसतो. पिशवी कापून काढायची नसते. नळीचं खालचं टोक छातीवर किंवा पोटावर छोटा छेद घेऊन बाहेर काढतात आणि निर्जंतुक पिशवीला जोडतात. टोक बाहेर काढण्याआधी त्याच नळीतून आतलं पाणी जमेल तेवढं खेचून घेता येतं. उरलेलं, नवीन पाणी पडायचं थांबल्यावर, शरीर आपोआप शोषून घेतं. पाणी कल्चरला जातं, अँटिबायोटिक सुरू होतात. संसर्ग निघाला तर जुना शंट पूर्ण काढून तात्पुरता बाहेरचा ड्रेन ठेवतात आणि पाणी ठरावीक वेळा स्वच्छ आल्यावरच नवीन शंट बसवतात. त्यात दोन-तीन आठवडे रुग्णालयात जातात. तशी मनाची आणि सुट्टीची तयारी ठेवा.

वॉर्डमध्ये असताना एक गोष्ट घरच्यांच्या हातात असते, म्हणून जरा थांबून सांगते. बाहेरची पिशवी किती उंचीवर टांगायची ते मुलाच्या कानाच्या पातळीवरून मोजून ठरवलेलं असतं. पिशवी खाली गेली तर पाणी धो धो येतं, वर गेली तर थांबतं. मूल उठून बसलं, पलंगाचं डोकं वर केलं, कोणी पिशवी जमिनीवर ठेवली, सगळ्याचा परिणाम होतो. मुलाला उचलायचं, बसवायचं, संडासला न्यायचं असेल तर आधी सिस्टरला हाक मारा, त्या ड्रेन बंद करून देतील. नंतर परत चालू केला का तेही बघा. गर्दीच्या वॉर्डात एका सिस्टरकडे तीस-चाळीस पेशंट असतात. आईची नजर तिथे फार मोलाची असते.

दुसरा प्रकार दुर्मीळ आहे, शंभरात एकापेक्षाही कमी, पण त्याबद्दल प्रत्येक घरात माहिती हवी. नळीचं टोक हळूहळू आतड्याची भिंत घासून आत शिरतं आणि एक दिवस शीच्या जागेतून बाहेर डोकावतं. गोवंडीहून एक आजी दोन वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. मूल शीला बसलं होतं, पांढरं लांब काहीतरी बाहेर आलं. आजींना जंत वाटला. त्यांनी कागदात धरून ओढला, वीतभर आला, पुढे येईना म्हणून सोडला. मग लक्षात आलं की त्याच्या टोकातून पाण्यासारखे थेंब पडताहेत. ते पाणी डोक्यातलं होतं. आजी रडत होत्या, माझ्याकडून चूक झाली म्हणत होत्या. मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते: अशा वेळी भल्याभल्यांना जंत वाटतो. शिवाय हे होताना बहुतेक मुलांना पोटात दुखतही नाही. नळीभोवती जाड पापुद्र्याची नळकांडी तयार झालेली असते, त्यामुळे आतड्यातली घाण पोटात सांडत नाही, पोट कडक होत नाही, ताप नसतो, मूल खेळत असतं.

म्हणूनच धोका लपून राहतो. ती नळी म्हणजे आतड्यापासून मेंदूपर्यंतची सरळ वाट. आतड्यातले जंतू, ई-कोलायसारखे, त्या वाटेने वर चढतात आणि मेंदूच्या पोकळ्यांत पोचतात. तो मेनिंजायटिस फार वाईट असतो, जीव जाऊ शकतो. नळी दिसली तर ओढू नका, आत ढकलू नका, कापू नका, गाठ मारू नका, एनिमा देऊ नका. स्वच्छ गॉझ किंवा धुतलेलं सुती कापड सैलसर गुंडाळा, वर लंगोट बांधा आणि निघा. दुपारी दिसली तर संध्याकाळपर्यंत वाट बघायची नाही. रुग्णालयात बहुतेकदा पोट उघडावंही लागत नाही. छातीवर किंवा पोटावर छोटा छेद घेऊन नळी मध्येच कापतात, आणि आतड्यात गेलेला खालचा तुकडा खालूनच, शीच्या वाटेने काढतात. तो वर खेचून काढायचा नाही, हे नवीन रेसिडेंटला पहिल्या महिन्यात शिकवावं लागतं, कारण वर खेचला तर मळलेलं टोक स्वच्छ कातडीखालून फिरतं. आतड्याचं भोक एवढं लहान असतं की ते आपोआप बुजतं. पोट कडक असेल, पू झाला असेल तरच पोट उघडायचं. वरचा भाग काढून बाहेरचा ड्रेन, अँटिबायोटिक, आणि पाणी स्वच्छ झाल्यावर नवीन शंट. त्या नातवाचं असंच केलं. त्याच्या पाण्यात जंतू निघाले, चार आठवडे राहावं लागलं, आजी सगळे दिवस त्याच्यापाशी होत्या.

अगदी क्वचित नळी तोंडातून आल्याचीही उदाहरणं आहेत. योनीमार्गातून, बेंबीतून, जुन्या व्रणातून आल्याचीही. जागा कुठलीही असो, करायचं तेच.

लहान बाळांच्या आईवडिलांनी लंगोट बदलताना जांघेकडे बघत जावं. जन्माच्या वेळी पोटापासून अंडकोशापर्यंत एक अरुंद पिशवीसारखी वाट असते, ती नंतर बुजते. बाळाला पहिल्या काही महिन्यांत शंट बसला तर पोटात रोज पडणाऱ्या पाण्याच्या दाबाने ती उघडीच राहू शकते. मग हायड्रोसील होतं, म्हणजे अंडकोशात पाणी साचतं, हर्निया होतो, आणि कधी कधी नळीच उतरून अंडकोशात गुंडाळी होऊन बसते. एका बाजूला सूज, हाताला दोरीसारखं काहीतरी लागतं. मुलींमध्येही जांघेत हर्निया होतो. सूज मऊ असेल, बाळ दूध पीत असेल तर एक-दोन दिवसांत दाखवलं तरी चालतं. सूज टणक झाली, बाळ कळवळून रडतंय, उलट्या होताहेत, तर त्याच रात्री न्या. हर्नियाच्या शस्त्रक्रियेतच नळी परत पोटात सरकवता येते.

काही बिघाड थोडक्यात सांगते. मूल वाढतं, नळी वाढत नाही. म्हणून तान्ह्या बाळाला बसवतानाच पोटात जास्तीची नळी सोडलेली असते. तरी दहा-बारा वर्षांत टोक वर ओढलं जाऊन पोटाबाहेर कातडीखाली येऊ शकतं, मग तिथे पाण्याचा फुगा दिसतो. जुन्या नळीवर कॅल्शियमचा थर बसतो, ती मानेत ताठ होते आणि एखाद्या दिवशी तिथेच तुटते. मान वळवताना ओढ बसते, दुखतं, अशी मुलाची तक्रार असेल तर एक्स-रे काढून घ्या. काही जणांत पिशवी न होता सगळ्या पोटातच पाणी साचतं, अस्तर शोषायला कमी पडतं. नळीच्या वाटेवर कुठेही लाली, सूज, पाझर, खपली दिसली तर हळद, राख, मलम काही लावू नका, उघडी ठेवून दाखवायला आणा.

बद्धकोष्ठतेबद्दल मात्र घाईने बोलणार नाही, कारण ती रोजची आहे आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. संडास तुंबून पोट घट्ट झालं की पोटातला दाब वाढतो आणि डोक्यातून खाली येणाऱ्या पाण्याला अडथळा होतो. डोकं दुखलं, उलटी झाली, शंट बिघडला म्हणून आणलेलं मूल पोट साफ झाल्यावर पूर्ववत झालं, असं मी अनेकदा पाहिलं आहे. पाठीवर गाठ घेऊन जन्मलेल्या मुलांत, म्हणजे मणक्याचा दोष असलेल्यांत, आतड्याच्या नसाच कमकुवत असल्याने हा त्रास कायमचा असतो. त्यांना पोट साफ होण्याचं औषध रोज, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात द्यावं लागतं. पण "बद्धकोष्ठताच असेल" हे निदान घरी करू नका. शंट तपासून झाल्यावरच ते करायचं.

मग प्रत्येक पोटदुखीला धावायचं का, असं तुम्ही विचाराल. नाही. शंटवाली मुलंही पाणीपुरी खातात, त्यांनाही पावसाळ्यात गॅस्ट्रो होतो. घरात दोघा-तिघांना एकदम जुलाब-उलट्या झाल्या, मूल मधल्या वेळात खेळतंय, लघवी होते आहे, तर नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि चोवीस तास लक्ष ठेवा. पण उलटी आहे आणि जुलाब नाहीत, उलटी सकाळची आहे, मूल सुस्त आहे, किंवा दुखणं आठवडाभर लांबलंय, तर ते शंटचंच समजून चालायचं, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होऊ द्यायची नाही. अपेंडिक्सही होऊ शकतं हे खरं. तसं निघालं तर सर्जनने हात लावण्याआधी न्यूरोसर्जनशी बोलायला हवं, कारण पोटात पू सांडला असेल तर नळीचं टोक तिथून हलवावं लागतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. त्यात मला काळजीपेक्षा अपराधीपणा जास्त ऐकू आला. स्वस्त शंटमुळे हे झालेलं नाही. आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसणारा छाब्रा शंट उत्तर प्रदेशात शाहजहानपूरला बनतो, आणि परदेशी शंटच्या किमतीच्या छोट्याशा भागात मिळतो. त्याची महागड्या परदेशी शंटशी तुलना युगांडात मुलांवर झाली होती, 2005 साली ती प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. तुम्ही विचारता तो त्रास तर खालच्या टोकाचा आहे, आणि तिथे स्वस्त-महाग दोन्हीकडे सिलिकॉनचीच मऊ नळी असते. पूर्वी तारेचं वेटोळं घातलेल्या ताठ नळ्या वापरत, त्या आतड्यात शिरण्याचं प्रमाण जास्त होतं म्हणून त्या मागे पडल्या. शंटच्या या सगळ्या इतिहासात आईबापांचा मोठा वाटा आहे. 1956 साली अमेरिकेत जो व्हॉल्व्ह वापरात आला, तो जॉन होल्टर नावाच्या एका तंत्रज्ञाने आपल्या तान्ह्या मुलासाठी धडपड करून बनवला होता. तेव्हा नळी हृदयाकडे नेत. पुढे सिलिकॉनच्या नळ्यांबरोबर पोटाची वाट रूढ झाली, कारण पोटात जागा भरपूर, मूल वाढलं तरी नळी पुरते आणि बिघाड झाला तर हाताळायला सोपा. तुम्ही चार महिन्यांच्या बाळाला वेळेत शंट बसवला म्हणून ते आज दुसरीत आहे.

तिसरा प्रश्न, पुढे काय. पिशवी विरली, संसर्ग नाही किंवा बरा झाला, तर पुष्कळ मुलांत नळी पुन्हा पोटातच घालता येते, दुसऱ्या बाजूला, कधी दुर्बिणीने जागा बघून. एकदा बिघडलेलं अस्तर कायमचं बाद होतं असं नाही. पिशवी परत परत झाली तर मात्र दुसरी जागा शोधावी लागते. मानेच्या शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत नळी नेता येते, पण तिथला संसर्ग थेट रक्तात असतो आणि तो दीर्घकाळ राहिला तर मूत्रपिंडांना इजा होते. फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत नेता येते, पण लहान मुलांत तिथे पाणी साचून धाप लागते, म्हणून मी सहसा टाळते. आणि एक शक्यता तुम्ही स्वतःहून विचारा: ईटीव्ही. दुर्बिणीने मेंदूतल्या पोकळीच्या तळाला एक छोटं छिद्र करून पाण्याला आतल्या आतच वाट काढून देतात. नळी लागत नाही. एका वर्षाच्या आतल्या बाळांत ती फसण्याचं प्रमाण जास्त, म्हणून तेव्हा तुम्हाला शंटच सुचवला असेल. आता तो सात वर्षांचा आहे. पाणी साचण्याचं कारण आतल्या वाटेतला अडथळा असेल तर हा पर्याय नव्याने तपासून बघायला हरकत नाही. सगळ्यांना लागू पडत नाही, आणि छिद्र पुढे बुजूही शकतं, म्हणून त्यानंतरही सकाळची उलटी आणि सुस्ती यांकडे लक्ष ठेवावंच लागतं.

हे सगळं निस्तरून मूल घरी आलं की एक काम करा. डिस्चार्ज कार्ड, शंटच्या खोक्यावरचं स्टिकर, पूर्ण वाटेचा एक्स-रे आणि बरा असतानाचा डोक्याचा सीटी, सगळ्यांचे नीट फोटो काढून तुमच्या आणि मुलाच्या बाबांच्या मोबाइलमध्ये ठेवा. बरा असतानाचा सीटी आवर्जून, कारण पुढच्या वेळी तुलना त्याच्याशीच होणार. गणपतीला कोकणात गेलात तर तिथे न्यूरोसर्जन कुठे आहे ते आधी विचारून ठेवा. सिंधुदुर्गात असाल तर मुंबईची गाडी पकडण्यापेक्षा गोव्यातलं बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज कितीतरी जवळ आहे, आणि तालुक्याच्या डॉक्टरांनाही ते ठाऊक असतं. शाळेत वर्गशिक्षिकेला, आणि पीटीच्या सरांनाही, एक चिठ्ठी द्या: याला शंट आहे, उलटी झाली किंवा वर्गात झोपाळला तर घरी न्यायची वाट न बघता लगेच आम्हाला फोन करा. खाली दोन नंबर लिहा, एक तुमचा आणि एक असा ज्याचा फोन लोकलच्या गर्दीतही उचलला जाईल.